मनगटावरची नणंद

दुधावरची साय कुणी खाल्ली हे मला पातेलं न उघडता कळतं. खाणाऱ्याचं तोंडच सांगतं. त्यामुळं आमच्या केंद्रात माणसाच्या मनातलं ओळखणारा पट्टा येणार असं ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, त्यासाठी यंत्र कशाला? मला विचारा की.

केंद्र म्हणजे कुपवाडच्या पुढं, एमआयडीसीच्या पार टोकाला असलेलं त्वरित टपाल छाननी केंद्र. इकडं मिरज-सांगली आणि तिकडं पार अथणी-कागवाडपर्यंतचं टपाल तिथं उतरतं. छापील पत्त्याची पाकिटं यंत्र वाचतं आणि फुंकर मारून ज्याच्या त्याच्या खणात उडवतं. शहरातली पाकिटं तर छतावरूनच ड्रोन उचलून नेतात. पण यंत्राला न पचणारं टपालही असतंच. अर्धा मराठी अर्धा कानडी पत्ता, पावसात भिजलेली शाई, मध्येच फुगलेलं पाकीट. यंत्र ते ओकतं, आणि ओकलेलं सगळं आमच्या हातटेबलावर येतं. आम्ही आठजणी ते वाचून, चाचपून, हातानं खणात घालतो. मी त्या टेबलाची मुकादम. नाव महानंदा ऐनापुरे, पण केंद्रात मला नावानं हाक मारायची कुणाची टाप नाही. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे अव्वा म्हणतात, म्हणजे कानडीत आई.

श्रावण लागला की आमचं टेबल बुडतं. राखीचं पाकीट म्हणजे पोटात गाठ असलेलं पाकीट. यंत्राला तो खडा वाटतो, ते आडवं होऊन बसतं. दोन फुगीर पाकिटं घेतली की एक सपाट उचलायचं, ही आमची जुनी रीत. भावाचा हात रिकामा राहू नये म्हणून राखी आधी. नेमक्या त्याच दिवसांत ईशान चौबळ नावाचा तपासनीस पुण्याहून आला. कामाचा वेग मोजायला आला म्हणे. वरच्या कंपनीनं सांगितलं होतं, हातटेबल ठेवायचं की तिथं लोखंडाचे हात बसवायचे, ते याच्या अहवालावर ठरेल.

पोरगा गोरा, बारीक, बोलायला गोड. मला गोड बोलणाऱ्याचा आधी संशय येतो.

"मावशी, घाबरू नका," तो म्हणाला.

"तुमच्या आईची मी बहीण नाही, आणि मी घाबरत नाही. काय आणलंय ते दाखवा."

त्यानं काळा पट्टा दाखवला. घड्याळाच्या पट्ट्याहून जरा रुंद, आतून थंडगार ठिपके लावलेला. सगळ्यांना गोळा करून त्यानं समजावलं, आणि खरं सांगायचं तर बरं समजावलं. आपण हात उचलायचं ठरवलं की मेंदू हुकूम सोडतो. तो हुकूम म्हणजे विजेची बारीक लहर. ती दंडातून खाली येते, स्नायूंत पसरते, आणि मग कुठं बोटं हलतात. हुकूम पोहोचणं आणि हात हलणं यांत पापणी लवायच्या आतलं अंतर असतं. पट्टा कातडीवरून ती लहर ऐकतो आणि हाताची हालचालही मोजतो. म्हणजे हातानं काय केलं एवढंच त्याला कळत नाही, हाताला काय करायला सांगितलं होतं तेही कळतं.

"आणि दोघांत अंतर पडलं तर?" माझ्या सुनेनं, शिवलीलानं विचारलं. ती माझ्याच टेबलावर बसते.

"त्याला आम्ही थबका म्हणतो," चौबळ म्हणाला. "मन म्हणतं टाक, हात थांबतो. म्हणजे माणूस कंटाळलाय, नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर हातातली वस्तू सोडावी की ठेवून घ्यावी, याचा विचार करतोय."

चोरी झाली असं कुणी म्हटलं नव्हतं. पण संशय आधी घरात शिरतो आणि चोरीला मागून बोलावून घेतो.

"खोटी सही करतानाही हात असाच थबकतो," तो कौतुकानं सांगत होता. "म्हणून इथून पुढं कुणाचाही जबाब पट्टा घालूनच घ्यायचा."

जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणारी कुलसूम पटवेगार म्हणाली, "अव्वा, ही तर नणंद झाली. अंगाला चिकटून बसायचं आणि आत जाऊन चुगली करायची."

तेव्हापासून पट्ट्याचं नाव नणंद पडलं. "नणंद घातली का गं?", "माझी नणंद चावतेय" असं चालायचं. चौबळला वाटायचं, बायका घरच्या गोष्टी करतात.

पट्टे चार्जिंगला घरी न्यायचे होते. आमचे दोन्ही देवघराशेजारच्या फळीवर असायचे. सकाळी निघताना मी हात पुढं करायची आणि शिवलीला पट्टा बांधायची. कासारापुढं हात धरतात तसा. सासूनं हात धरावा, सुनेनं बांधावं, यात विचारायचं काय? मी पट्ट्याकडं बघतही नव्हते. चुलीवरचं दूध उतरवलं का, बसूनं डबा घेतला का, माझे डोळे तिकडं. बसू म्हणजे माझा मुलगा बसवराज, शिवलीलाचा नवरा. बापाविना वाढलेला, म्हणून घरातल्या दोन्ही बायकांना भिऊन असतो.

हॉलच्या भिंतीवर मोठा पडदा लागला. त्यावर आमची नावं आणि प्रत्येकीच्या पुढं रंग. हिरवा म्हणजे हात सरळ, पिवळा म्हणजे थबकतो, लाल म्हणजे लक्ष ठेवा. पहिल्या दिवसापासून माझं नाव सगळ्यांच्या वर, गर्द हिरवं.

चौबळ चाट पडला. "अव्वा, या वयात? तुमचा हात वीस वर्षांच्या मुलीसारखा चालतो."

"वीस वर्षांच्या मुली आता कुठं हात चालवतात? तोंड चालवतात," मी म्हटलं, आणि टेबलावर एक नजर फिरवली. कुलसूम पिवळी होती. आणि सगळ्यात खाली शिवलीला ऐनापुरे, लाल.

माझ्या घरचं नाव, लाल.

मला पहिल्यांदा वाटलं, यंत्र खुळं आहे. शिवलीलाचा हात मला ठाऊक आहे. ती मटार सोलते तेव्हा दाणे पातेल्यात पाऊस पडल्यासारखे पडतात. शेवया वळते तर सुताची गुंडी लाजावी. तिच्या तोंडावर मी तिला कधी बरं म्हटलं नाही, पण हात चांगला, हे मनात धरलेलं आहे. तो हात टपालावर अडखळतो आणि घरात अडखळत नाही, म्हणजे अडचण हातात नाही. अडचण टपालात आहे. किंवा तिच्या मनात.

मी तिला बघू लागले. उघड बघितलं तर माणूस सावध होतं. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं बघायची. टेबलावर तिचा हात झरझर चालायचा. तरी पडद्यावर लाल. मग कशी काय लाल? माझ्या नजरेला दिसत नाही ते यंत्राला दिसतंय, म्हणजे ही माझ्यासमोर एक वागते आणि मी वळले की दुसरं.

घरातही काहीतरी शिजत होतं. मी भाकरी थापायला बसले की ती धावत यायची. "अव्वा, उठा, मी करते." आधी कधी आली नव्हती. त्या दिवसांत माझ्या भाकरीच्या कडा चिरत होत्या. पिठाचा दोष, गिरणीवाल्यानं जुनी ज्वारी मिसळली होती. मी त्याला जाऊन सुनावूनही आले. अंगणातली रांगोळी वाकडी येत होती. रांगोळीत दगडाची भुकटी मिसळतात हल्ली. जगात एक वस्तू शुद्ध मिळत नाही. आणि सून मला चुलीपासून उठवतेय. का? स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचं असेल. आधी चूल, मग किल्ल्या, मग मुकादमकी. पायरी पायरीनं.

मी बसूला म्हटलं, "तुझी बायको माझ्याशी इतकी गोड का वागायला लागली?"

"अव्वा, कडू वागली तर तक्रार, गोड वागली तरी तक्रार. मग तिनं करायचं काय?"

"खरं वागायचं."

तो चहाचा कप घेऊन बाहेर गेला. तो काहीतरी जाणतो, हेही मी मनात टिपून ठेवलं.

गुरुवारी चौबळनं मला काचेच्या खोलीत बोलावलं. समोर दोन रेघा काढल्या, एक निळी, एक केशरी.

"निळी म्हणजे मेंदूचा हुकूम. केशरी म्हणजे हात. हा तुमच्या सुनेचा पट्टा."

निळी रेघ आधी उठत होती आणि केशरी मागून, रांगत येणाऱ्या पोरासारखी. मधली फट रोज वाढत चालली होती. खाली यंत्रानं लिहिलं होतं: वस्तू रोखण्याचा संशय.

"हे यंत्राला कसं कळलं?"

"त्याला शिकवलंय. दुसऱ्या एका ठिकाणी टपाल लपवताना पकडलेल्या लोकांच्या हातांच्या रेघा त्याला दाखवल्या होत्या. तशीच रेघ दिसली की ते खूण करतं."

"म्हणजे ते चोरांच्या शाळेत शिकलं."

तो हसला नाही. "सोमवारी अहवाल जाईल, अव्वा. लाल नाव टेबलावर राहिलं तर कंपनी म्हणेल, सगळं टेबलच नासकं, लोखंडी हात बसवा. मुकादम म्हणून तुम्ही जबाब दिलात की या बाईंना काढतो, तर बाकी सातजणी राहतील. जबाब पट्टा घालून, माझ्यासमोर."

सातजणी. कुलसूमचं घर या टेबलावर चालतं. बाकीच्यांचंही. एकीकडं टेबल, दुसरीकडं माझ्या घरची सून. मी म्हटलं, "सोमवारी देते." आवाज हलू दिला नाही.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या किल्ल्या कमरेला खोचल्या. शिवलीलाला म्हटलं, "उद्यापासून चूल माझी. तू बाहेरचं बघ."

ती किल्ल्यांकडं बघत राहिली. "काही चुकलं का माझं, अव्वा?"

"ते तूच सांग. टेबलावर तुझा हात का थांबतो?"

ती काही बोलली नाही. खोटं बोलणारं माणूस पटकन उत्तर देतं. ही गप्प राहिली, म्हणजे तिच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते तिला सांगायचं नव्हतं. मी बघितलं, ती माझ्या हाताकडं बघत होती. मी हात पदराआड घेतला. का घेतला ते मला तेव्हा कळलं नाही.

बसल्या बसल्या मी हिशेब जुळवला. शिवलीलाचा हात चांगला, पट्टा म्हणतो वाईट. म्हणजे तो पट्टा तिच्या हातावर नसतोच! कुणाच्या तरी हातावर असतो. कुणाच्या? कुलसूमच्या. दोघींचं गूळपीठ आहे. डबा एकत्र, हसणं एकत्र, आणि कुलसूमची बोटं बाळंतपणापासून सुजलेली. केंद्रात शिरताना न्हाणीत जाऊन दोघी अदलाबदल करत असणार. मैत्रिणीसाठी सून स्वतःवर लाल ओढून घेतेय आणि माझ्या घराचं नाव भिंतीवर टांगतेय. मला स्वतःचा अभिमान वाटला. यंत्राला जे जमलं नाही ते मी चुलीपुढं बसून सोडवलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेली तशी मी फळीपाशी गेले. पट्टे अगदी एकसारखे, आतल्या बाजूला बारीक आकडा. तिचा आकडा मी हजेरीवर बघितला होता. तो पट्टा उचलला, देवघरातल्या करंड्यातून चिमूटभर कुंकू घेतलं आणि ठिपक्यांच्या मधल्या खाचेत दाबून बसवलं. दुपारपर्यंत घाम येईल, कुंकू उतरेल. जिच्या मनगटावर लाल, ती पट्टा घालणारी. दुपारी कुलसूम हात धुवायला नळावर आली की झालं.

मग नेहमीसारखा मी हात पुढं केला. शिवलीलानं पट्टा बांधला. माझं लक्ष दाराकडं होतं. मनात कुलसूमचा हात धरलेला होता.

दुपारी मी नळाशी तिची वाट बघत उभी राहिले. तिनं बाही सारली, पट्टा काढला, साबण लावला. मनगट स्वच्छ. नुसता पट्ट्याचा वळ.

"काय बघता अव्वा? मेंदी लावली नाही यंदा," ती म्हणाली.

"बोटं कशी आहेत बघते."

"दुखतात. पण चालतात. तुम्ही विचारलंत, आता नाही दुखणार," असं म्हणून ती हसली. मला आणखी संशय आला. माणसं उगाच इतकी चांगली नसतात.

मग शिवलीलाकडं बघितलं. तिच्या हिरव्या बांगड्यांच्या खाली पट्टा होता, बाहेरून काही दिसेना. म्हटलं, संध्याकाळी घरी बघू. तिचा पट्टा तिनंच घातला असेल तर कुंकू तिच्या हातावर. मग ती खरंच चोर, आणि सोमवारी मी तिचं नाव देणार. वाटभर मी मनाला घट्ट करत आले.

घरी आल्यावर मी नळावर पाय धुतले, चूळ भरली आणि पट्टा काढला.

कुंकू माझ्या मनगटावर होतं.

घामानं पातळ झालेलं, शिरेच्या कडेनं ओघळलेलं. आमचे हे गेल्यापासून त्या हाताला हळद-कुंकवाचा डाग लागला नव्हता. मी खुळ्यासारखी उभी राहिले. पहिल्यांदा वाटलं, देवघरात सांडलं असेल, माझा हात भरला असेल. पट्टा उलटा केला. खाचेत लाल, आणि आकडा शिवलीलाचा.

मी पुसायला गेले. ओल्या पदरानं मनगट पुसताना दिसलं, की अंगठा आपला आपण हलतोय. मी कुणाला हलवायला सांगितलं नव्हतं. तो सुपारी फिरवल्यासारखा बोटावर फिरत होता. दुसऱ्या हातानं दाबला तेव्हा थांबला. सोडला, पुन्हा सुरू.

गिरणीवाला आठवला. रांगोळीवाला आठवला. ज्वारी चांगली होती म्हणायची.

"शिवलीला!"

ती आली. माझा हात बघितला आणि दारातच थांबली.

"कधीपासून बांधतेस तुझा पट्टा मला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर?" ती पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देऊन बोलत होती. "नागपंचमीला तुम्ही दूध ओतताना भांडं सांडलंत आणि मांजरीला शिव्या दिल्यात. मांजर तेव्हा बाहेर होती, अव्वा. मी तेव्हापासून बघतेय. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणालात, सुनेला मी म्हातारी व्हायची घाई झालीय."

"म्हणाले असेन."

"तुम्हाला टेबलावरून उठवलं तर तुम्ही घरात बसाल? आणि आम्हाला बसू द्याल?"

एरवी या बोलण्याला मी काय उत्तर दिलं असतं ते गल्लीला ऐकू गेलं असतं. मी पाटावर बसले.

"म्हणून स्वतःला चोर म्हणवून घेतलंस?"

"चोर म्हणतील हे मला काय माहीत? मला वाटलं, फार तर हळू म्हणतील. लाल झाल्यावर काय करू कळेना." ती माझ्यासमोर खाली बसली. "मी नवी आले तेव्हा मला कानडी येत नव्हतं. रायबागचं पाकीट मी रायचूरच्या खणात घालायची. तुम्ही मागून उचलून बरोबर खणात टाकायचात. कुणाला बोलला नाहीत. तुम्हाला वाटायचं मला कळत नाही."

"ते तुझ्यासाठी नव्हतं. टेबलाचं नाव खराब झालं असतं."

"मग मीही टेबलासाठीच केलं असं समजा."

बसू दारातून बघत होता. "तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला आणि मागं सरकला. बायकोला भितो ते बरोबरच करतो.

मी किल्ल्या काढून तिच्यापुढं टाकल्या. दोनदा हुकल्या, तिसऱ्यांदा सुटल्या कमरेतून.

सोमवारी सकाळी ती पट्टा घेऊन आली. मी हात पुढं केला नाही. "माझा आण. तुझा नको."

"अव्वा, मी सगळं सांगते सरांना."

"तू तोंड उघडायचं नाहीस."

पट्टा मी केंद्रात, टेबलापुढं, सगळ्यांच्या देखत बांधला. खिट्टी बसेना. कुलसूम पुढं झाली, मी तिला डोळ्यांनी जागेवर बसवलं. खिट्टी बसेपर्यंत सगळं टेबल हात थांबवून बघत होतं. मग मी पाकिटं घेतली आणि खणात घालायला लागले. भिंतीवर माझं नाव हिरव्याचं पिवळं झालं आणि पिवळ्याचं लाल. शिवलीलाचं खालून वर चढत गेलं.

"अल्ला, यंत्र बिघडलं," कुलसूम म्हणाली.

"यंत्र ठीक आहे. मी बिघडलेय. पाकिटं उचला, राखी खोळंबलीय."

चौबळ काचेच्या खोलीतून धावत आला. आम्हा दोघींना आत नेलं, मागच्या सगळ्या रेघा काढल्या. चेहरा उतरला त्याचा.

"पट्टे बदललेत," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. हे फार वाईट आहे. थबका परवडला. पट्टा बदलणाऱ्याला कंपनीच्या कुठल्याच केंद्रात पुन्हा काम मिळत नाही. कुणी केलं?"

"सर, मी..." शिवलीलानं तोंड उघडलंच.

"मोठी माणसं बोलताना मध्ये पडायची रीत आमच्या घरात नाही," मी म्हटलं. "मी केलं. माझा हात चालत नाही हे मला कळलं होतं. मुकादमकी जाऊ नये म्हणून रोज सकाळी फळीवरून हिचा पट्टा उचलत होते. हिला ठाऊक नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. मूर्ख नव्हता पोरगा. "असं लिहून द्याल? पट्टा घालून?"

"आण."

त्यानं पाटी पुढं केली. मी लिहायला लागले, पट्टे मी बदलले. अक्षरं मोठी काढायला जावं तर बारीक होत चाललेली, मुंग्यांच्या रांगेसारखी. पडद्यावर निळी रेघ पुढं, केशरी मागं. मधली फट सरळ सरळ दिसत होती.

"थबका आहे, अव्वा," तो हळू म्हणाला. "खोटं लिहिताना असाच येतो."

"असं? मग आता खरं लिहिते." मी खाली लिहिलं, महानंदा ऐनापुरे. तीच फट. "हे खोटं आहे का? नाव बदललं माझं?" मग मी त्याच्या टेबलावरच्या गणपतीपुढचं फूल उचललं आणि परत वाहिलं. पडद्यावर तीच फट. "देवालाही फसवतेय बघा मी. आता तुमच्या यंत्राला विचारा, यातलं खोटं कुठलं आणि दुखणं कुठलं?"

मग त्यानं पडद्यावर काहीतरी दाबलं. गुळगुळीत केशरी रेघेवर एकदम बारीक बारीक लाटा उठल्या, सगळ्या सारख्या, वारा लागलेल्या पाण्यासारख्या.

"हे काय?"

"हे रोजच येत होतं," तो म्हणाला. "ही थरथर आहे. यंत्र तिला खरखर समजतं आणि रेघ स्वच्छ दिसावी म्हणून पुसून टाकतं. मग मागं फक्त फट उरते." तो पडद्याकडंच बघत होता. "आम्ही त्याला आळशी हात दाखवले, चोरांचे दाखवले. आजारी हात कुणी दाखवलाच नाही."

"मग आता दाखवला. लिही अहवालात."

"त्याला रकाना नाही, अव्वा."

"रकान्याखाली कागद संपतो का? लिही बाळा. टेबलावर चोर नाही. एक म्हातारी आहे, तिला उठवलं."

त्यानं सगळ्या रेघा पुन्हा एकदा चाळल्या. नंतर म्हणाला, "तुमचा जबाब खोटा ठरवायला माझ्याकडं पुरावा नाही. ग्राह्य धरावा लागेल." शेवटचे शब्द त्यानं शिवलीलाकडं बघून म्हटले. ती रडत होती. मी तिला कोपरानं डिवचलं, म्हटलं, इथं नको, पडदा बघतोय.

टेबल राहिलं. लोखंडी हात दुसऱ्या कुठल्या गावी गेले म्हणे. त्या हातांना राखी चाचपता येत असेल, यावर माझा विश्वास नाही. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, कंपवात आहे, पण लवकर कळला, गोळ्यांनी बरीच वर्षं धकेल. लवकर कळला यावरही माझा पूर्ण विश्वास नाही, पण गोळ्या घेते. डबी शिवलीला मोजते. मी झोपले समजून ती मोजते, मला कळतं.

मुकादम आता ती आहे. घरात तसं म्हणाली नाही, कुलसूमनं सांगितलं. भाकरीला मी अजून बसते; कडा चिरतात, बसू मुकाट खातो.

परवा सकाळी ती निघायच्या घाईत होती. बांगड्या वर सारल्या आणि पट्टा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुढं केला.

"मी?" मी म्हटलं. "तुला उशीर होईल."

"होऊ दे."

मी खिट्टी धरली. सुटली. पुन्हा धरली. तिचं मनगट माझ्या हातात होतं, ऊन आणि स्थिर, आणि ती दाराकडं बघत नव्हती, दुधाकडं बघत नव्हती. आधी मी आकडा बघून घेतला. तिचाच होता.